ओढणारी चाकं, ढकलणारी चाकं

जुलैचा मधला आठवडा होता. देवगडपासून थोडं आत, खाडीकडे उतरलेल्या आमच्या वाडीतून वरच्या डांबरी रस्त्याला लागायला एक घाटी चढावी लागते. काँक्रीटची आहे, पण दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे आणि वर फणस-आंब्याची गच्च सावली. तिथं ऊन पोचतच नाही, आणि मिरगाचा पाऊस पडून गेला की पंधरवड्यात तिला शेवाळ धरतं. चुलतभाऊ नवी हॅचबॅक घेऊन आला होता आणि त्या दिवशी मुंबईला परत निघाला होता. आत घरची चारही माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, दोन फणस, आमसुलांच्या पिशव्या. निम्म्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. लाल पाणी गडग्यावर उडालं, जळक्या रबराचा वास ओल्या पाचोळ्याच्या वासात मिसळला, आणि जमलेल्यांतून एकच आरडा झाला, "मागे वजन घाला रे, मागे बसा!" दोघं तरणे पोरगे धावले, डिकी उघडून कडेवर बसले. गाडी चढायची राहिली बाजूला, हातभर खाली घसरली.

तेवढ्यात शेजारच्या वाडीतले तात्या छत्री मिटत पुढे आले. "सगळी उतरा बगया," ते म्हणाले. "खाली ने, तोंड फिरव, आणि उलटी घाल. आपसूक चडतली." भाऊ बिचकला. पण खाली जाऊन त्यानं गाडी वळवली, रिव्हर्स टाकला, आणि रिकामी गाडी मान मागे वळवून घाटी चढून गेली. माणसं पायी वर गेली, सामान मागाहून गेलं, सगळे हसले, गाडी मुंबईला लागली.

मी मात्र त्या "मागे बसा"शी अडले. ओरडणारी माणसं अडाणी नव्हती. त्यातल्या निम्म्यांनी जन्मभर गाड्या हाकल्यात. तो सल्ला त्यांच्या हाडात होता, आणि या घाटीवर तो वर्षानुवर्षं खरा ठरला होता. माझ्या बाबांच्या पद्मिनीच्या वेळी तर हमखास.

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट 1100. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, मधे गाडीच्या पोटाखालून गेलेला लांब शाफ्ट, आणि मागे कमानपाट्यांवर बसलेला अख्खा अ‍ॅक्सल. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. गणपतीला आम्ही मुंबईहून निघायचो तेव्हा हायवेचा नंबर सतरा होता, सहासष्ट नंतर झाला, आणि कशेडीला बोगदा नव्हता. कशेडी आणि परशुराम हे दोन घाट म्हणजे वाटेतले दोन उंबरठे. मागच्या सीटवर आम्ही भावंडं आणि मधे आजी. पावसाळ्यात डिकीत एक पोतं असायचंच. मला वाटायचं ते तांदळाचं पोतं घरी न्यायचं म्हणून आहे. पुढे कळलं की सामान नसलं तर बाबा त्या जागी वाळू भरून ठेवायचे. मागची चाकं दाबलेली राहिली पाहिजेत, एवढंच त्यांचं गणित. घाटी आली की ते आरशात बघून म्हणायचे, "टेकून बसा रे सगळे." आम्ही पाठ सीटला चिकटवून, पोट आत ओढून बसायचो, जणू आमच्यामुळेच गाडी चढणार आहे. थोडंफार ते खरंही होतं.

याचा हिशेब एकदा मांडला की घाटीवरचा तो गोंधळ उलगडतो. सपाटीवर उभ्या असलेल्या रिकाम्या हॅचबॅकचं 60 टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर असतं, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांच्या डोक्यावरच बसलेले. म्हणून सपाट चिखलात, गुळगुळीत ओल्या रस्त्यावर पुढून ओढणारी गाडी छान निघते. पण चढ लागला की वजन मागे कलतं. पुढची चाकं हलकी होतात, आणि ओढायचं काम तर त्यांनाच. त्यात मागच्या सीटवर माणसं, डिकीत पोतं. आणि डिकीच्या कडेवर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे दोघं जण बसले की ते पुढची बाजू चक्क वर उचलतात. मागच्या चाकांना जोर असलेल्या, म्हणजे ढकलणाऱ्या गाडीत हेच सगळं उपकारक, कारण चढ स्वतःच वजन आणून मागच्या चाकांवर ठेवतो. गाडी उलटी केली की पुढची चाकं उताराच्या बाजूला येतात, कललेलं वजन त्यांच्याच वाट्याला येतं आणि त्यांची पकड बसते. तात्यांनी हे कुठे वाचलं नसेल. त्यांच्या मुलाची व्हॅनही आहे आणि छोटी कारही, दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत घाटी चढतात, आणि ते बघणारे आहेत.

ती व्हॅन, म्हणजे ओम्नी, या बाबतीत शिकण्यासारखी चीज. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली, पाठोपाठ 1984मध्ये व्हॅन. दोघींचं इंजिन तेच, 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. कारमध्ये ते पुढे आडवं बसवलेलं आणि जोर पुढच्या चाकांना. व्हॅनमध्ये ते ड्रायव्हरच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना. एकाच इंजिनानं एका गाडीला ओढायचं, दुसरीला ढकलायचं. आमच्याकडे या दोन्ही गाड्या इतकी वर्षं शेजारी शेजारी चालल्या की ज्याला फरक जोखायचा त्याला दूर जायची गरज नव्हती. व्हॅन भरलेली असली, आत शाळेची पोरं नाहीतर मासळीचे ट्रे असले, की चढावर कुरकुर न करता जाते. रिकामी व्हॅन ओल्या उतारावर घेऊन या आणि एकदम खालचा गिअर टाका. मागचं शेपूट एका बाजूला सरकतं, कारण इंजिनाचा अटकाव फक्त मागच्या चाकांना लागतो, आणि उतारावर तीच चाकं सगळ्यात हलकी झालेली असतात. कारमध्ये तोच अटकाव पुढच्या दाबलेल्या चाकांना लागतो, म्हणून ती शहाण्यासारखी सरळ उतरते. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा हे दोन्हींना लागू. पण तो कधी टाकायचा आणि क्लच किती सावकाश सोडायचा, तिथे वाटा वेगळ्या होतात.

पुढच्या चाकांना जोर द्यायची कल्पना काही 800सोबत जन्मलेली नाही. फ्रान्समध्ये सिट्रोएननं 1934मध्ये अशी गाडी मोठ्या संख्येनं बनवायला घेतली. पण छोट्या गाड्यांचं जगच बदललं ते 1959च्या ब्रिटिश मिनीनं. सुएझ कालव्याच्या पेचानं पेट्रोल महागलं-आटलं होतं. अलेक इसिगोनिस या इंजिनिअरनं इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली घातला, आणि गाडीच्या पोटातला तो लांब शाफ्टच काढून टाकला. दहा फुटी गाडीत चार माणसं बसली. आपण जिला मधली सीट म्हणतो, जिथे बसणाऱ्याचे गुडघे पद्मिनीत हनुवटीला लागायचे, ती जागा सपाट झाली ती या युक्तीमुळे. स्वस्त, हलकी, आतून मोकळी. मला ही गोष्ट आवडते, कारण रस्त्यावरची वागणूक सुधारायला कुणी हे केलं असं समजलं जातं, पण मूळ ओढ होती ती जागेची आणि इंधनाची. वागणूक बदलली ती ओघानं.

आणि ती बदलली हे वळणावर कळतं.

देवगड बंदरात ज्यांनी होडी वाळूवर चढवताना पाहिली असेल त्यांना पुढचं सांगायला नको, तरी सांगते. पुढून दोरखंडानं ओढली की होडी ओढणाऱ्यांच्या मागे सरळ येते. ओढणारे दमले तर नुसती थांबते. मागून खांदा लावून ढकलली की जोर चांगला लागतो, पण नाळ इकडे की तिकडे ते बघणारं पुढे कुणीतरी लागतं, आणि एका बाजूचा खांदा जास्त लागला की होडी फिरते. पुढून ओढणारी गाडी ओल्या वळणावर जास्त वेगानं गेली की तिचं नाक वळणाबाहेर जायला लागतं. आपण स्टिअरिंग फिरवलंय, गाडी मात्र सरळ दरीकडे किंवा समोरच्या लेनकडे चाललीय. कारण पुढच्या टायरकडे पकडीचा साठा एकच, आणि त्याच्यावर वळायचं आणि ओढायचं अशी दोन कामं. अ‍ॅक्सिलरेटर जेवढा दाबाल तेवढं वळणं कमी. ढकलणाऱ्या गाडीत कामं वाटून दिलेली असतात. पुढची चाकं फक्त दिशा बघतात, म्हणून हातात येणारं स्टिअरिंग स्वच्छ असतं. पद्मिनीचं ते मोठं पातळ चाक जड होतं, मधे ढिलं होतं, पण रस्ता कुठे खडबडीत आणि कुठे निसरडा झाला हे त्यातून तळव्यांना समजायचं. जोर जास्त झाला तर सुटायचं ते मागचं टोक.

भुईबावड्याचा घाट मी दोन्ही तऱ्हेच्या गाड्यांनी चढले-उतरले आहे. अरुंद, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल हिरवं धुकं, आणि पावसात कड्यावरून डांबरावर आलेली बारीक खडी. ही खडी हा खरा परीक्षक. बाबांनी मला तिथे पद्मिनी हातात दिली तेव्हा मी नुकतीच शिकलेली, आणि एका वळणातून बाहेर पडताना मी जोर दिला तसं मागचं अंग हलकेच बाहेर निघालं. भीती वाटायच्या आधी ते मला कंबरेत कळलं होतं. सीटमधून. मणक्याच्या खालच्या टोकाला कुणीतरी बाजूला सारावं तसा एक क्षण. बाबा शांतपणे म्हणाले, "पाय थोडा सैल कर. सोडू नकोस. हात शेपटाच्या दिशेला." तेवढंच केलं आणि गाडी सरळ झाली. पाय एकदम उचलला असता तर वजन झटक्यात पुढे गेलं असतं आणि आधीच सुटलेलं शेपूट आणखी सुटलं असतं. तो सैल पाय आणि तो उलटा हात माझ्या अंगात बसला तो कायमचा.

कित्येक वर्षांनी त्याच घाटात पुढून ओढणाऱ्या गाडीत मला दुसरीच शिस्त लागली. तिथे कंबरेला काही कळत नाही. कळतं ते हातांना, आणि तेही उशिरा. स्टिअरिंग अचानक हलकं होतं, टायर बारीक किंचाळतात, आणि नाक रुंद जातं. तिथे पाय सैल केला की वजन पुढे येतं, पुढचे टायर दाबले जातात, आणि नाक आपलं आपण आत वळतं. स्टिअरिंग आणखी फिरवायचं नाही, उलट किंचित उघडायचं. हात फिरवत बसण्याचा मोह मात्र फार होतो, कारण गाडी वळत नसली की माणूस आणखी वळवतो, तो स्वभावच आहे. आणि त्यातही एक मेख: वळणाच्या मध्यावर पाय झटक्यात काढला तर या गाडीचंही शेपूट सुटू शकतं. तसं झालं तर इथे उपाय वेगळा. हात शेपटाच्या दिशेला खरेच, पण पाय काढण्याऐवजी हलका जोर द्यायचा, म्हणजे पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. ढकलणाऱ्या गाडीत याच वेळी जोर दिला तर गाडी भिंगरते.

घाटीवर मला जे डाचलं ते हेच. आम्हाला वडीलधाऱ्यांनी जे शिकवलं ते प्रेमानं आणि अनुभवानं शिकवलं, पण ते एका तऱ्हेच्या गाडीचं शिक्षण होतं, आणि गाडी बदलली तेव्हा कुणी येऊन सांगितलं नाही की यातलं निम्मं आता उलटं करा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, ब्रेक, आठचा आकडा शिकवतात. कुठली चाकं काम करतात हे मी कुठल्याही शिकवणाऱ्याला सांगताना ऐकलं नाही. नव्या गाडी घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ते ठाऊकच नसतं. मायलेज ठाऊक असतं, स्क्रीनची लांबी ठाऊक असते. मुंबईत, सपाट कोरड्या रस्त्यावर, ते कळायची गरजही पडत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर ती पडते.

आंब्याच्या पेट्या वाशीला नेणारे पिकअपवाले मात्र हे पक्कं जाणतात, कारण त्यांचं पोट त्यावर. तळेऱ्याच्या नाक्यावर चहा पिताना एकाशी बोलत होते. त्याची बोलेरो पिकअप. जाताना हौद्यात पेट्या गच्च, मागची चाकं जमिनीला खिळलेली. येताना हौदा रिकामा. मे अखेरीच्या पहिल्या सरीत, धूळ आणि ऑइल मिळून रस्त्यावर साबणाचा थर येतो तेव्हा, रिकामी पिकअप फार जपून आणावी लागते, तो म्हणाला. त्यानं हौद्यात जांभ्याचे चिरे टाकले होते, केबिनला टेकून नव्हे, थेट मागच्या चाकांवर, आणि ते सरकू नयेत म्हणून दोरीनं बांधले होते. डिझेल थोडं जास्त जातं, म्हणाला, पण रात्री झोप लागते. मला बाबांचं वाळूचं पोतं आठवलं आणि त्या अनोळखी माणसाविषयी एकदम घरचा जिव्हाळा वाटला.

कोणती बरी, असं मला कुणी विचारलं तर मी गप्प बसत नाही. नवशिक्याच्या हाती, पावसाळी रस्त्यावर, पुढून ओढणारी गाडीच बरी. तिची चूक सौम्य असते. नाक रुंद गेलं तर घाबरलेला माणूस आपोआप जे करतो, म्हणजे पाय काढतो, ते बहुतेक वेळा बरोबर ठरतं. ढकलणारी गाडी घाबरलेल्या माणसाला माफ करत नाही. पण जास्त माणसं, जास्त सामान, उभा चढ हे रोजचं असेल तर ढकलणारीला तोड नाही. टुरिस्ट गाड्यावाले जुन्या इनोव्हाला उगाच चिकटून नाहीत. 2022मध्ये आलेली इनोव्हा हायक्रॉस पुढून ओढणारी झाली, त्यावर आमच्या नाक्यावर जे वाद झाले ते एखाद्या जमिनीच्या दाव्यावर होतात तितके तावातावाचे होते. आणि मनाचं विचाराल तर माझं मन पद्मिनीत आहे. रस्ता शरीराला कळणं ही एक सोबत होती. 2023च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी कायमच्या उतरल्या, ती बातमी वाचून मी बराच वेळ काही केलं नाही. आमची तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. गॅरेजवाला म्हणाला होता, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलाय, मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंगही वाजतंय, पार्ट मिळत नाहीत. गाडी सुटताना खालून येणारा तो 'टंग' आवाज अजून कानात आहे. आताच्या गाडीत त्याऐवजी पुरतं वळवलं की चाकाशी 'टक-टक' येते, अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचं रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटून आत लाल माती शिरली की. दोन्ही आवाजांना माझा जीव सारखाच खालीवर होतो.

नव्या गाड्यांत आता चाकं घसरायला लागली की संगणक स्वतः एकेका चाकाला ब्रेक लावतो, इंजिनाचा जोर तोडतो. ईएससी त्याचं नाव. मी त्याच्या बाजूची आहे, मनापासून. त्यामुळे माणसं वाचतात. पण टायरच गुळगुळीत असतील तर तो संगणक पकड आणणार कुठून?

यंदा मे महिन्यात भाचीसोबत कणकवलीला टायरच्या दुकानात गेले होते. ती कुडाळला नोकरी करते, रोज गाडीनं जाते. पुढून ओढणारी गाडी, त्यामुळे पुढचेच टायर आधी झिजले. दुकानदार नवे दोन टायर पुढे चढवायला निघाला. काम पुढचे करतात, मग नवे पुढे, हे त्याचं म्हणणं, आणि ऐकायला ते पटतंही. मी म्हटलं, मागचे पुढे घ्या आणि नवे मागे लावा. टायर कंपन्याही हेच सांगतात. पाण्यावर पुढचे टायर घसरले तर ती पाय सैल करून सावरेल, मागचे घसरले तर सावरायला वेळच मिळणार नाही. तो थोडा वेळ वाद घालत राहिला, मग भाचीकडे बघायला लागला. गाडी तिची होती.

"मागे लावा," ती म्हणाली.

परत येताना तिनं विषय काढला. तिला पुढेमागे इलेक्ट्रिक घ्यायचीय. तिनं वाचलं होतं की महिंद्रानं 2024 अखेर दाखवलेल्या दोन इलेक्ट्रिक गाड्यांना मोटर मागे आहे. मला ते माहीत होतं आणि आतून आनंदही झाला होता. लांब शाफ्ट नको, पोटात बोगदा नको, मोटर थेट मागच्या अ‍ॅक्सलवर. जागेपायी गेलेली ढकलणारी गाडी जागा न अडवता परत आली. "पण जोर एकदम येतो म्हणतात, मावशी," ती म्हणाली. "पाय ठेवला की लगेच. मग तुम्ही म्हणता ते शेपूट?"

संगणक बराचसा सांभाळेल, मी म्हटलं, पण तुला आधी अंगाला कळलं पाहिजे. घेतलीस की आपण सड्यावर जाऊ. मोकळा कातळ आहे, माणूस ना गुरं, वेग वीसच्या आत ठेवू आणि गोल फिरू.

"मिरगाच्या आधी जायचं की नंतर?"

"नंतर. कोरड्यात काय कळणार?"